सॉलिसिटर कागद बघतो, घर तुम्ही बघता: इंग्लंडमध्ये घर घेताना

इंग्लंडमध्ये घरासाठी दिलेली ऑफर मान्य झाली की एस्टेट एजंटचा फोन येतो, आणि अभिनंदन करून होतं न होतं तोच तो विचारतो, ‘तुमचा सॉलिसिटर कोण?’ सॉलिसिटर म्हणजे घरखरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील. उत्तर तयार नसलं की एजंटच एक नाव सुचवतो, आणि बरेच जण ते घेऊन मोकळे होतात. एजंटला पैसे विकणाऱ्याकडून मिळतात. वर सुचवलेल्या फर्मकडूनही त्याला ‘रेफरल फी’ मिळत असते. ही फी उघड करणं बंधनकारक आहे, पण ती कागदावर बारीक अक्षरात असते आणि त्या आनंदाच्या दिवशी कोणी वाचत नाही. सुचवलेली फर्म वाईटच असते असं नाही. मात्र तीच घ्यायची सक्ती एजंट किंवा बिल्डर करू शकत नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. घरं बघायला सुरुवात केलीत की सॉलिसिटरही बघायला लागा, म्हणजे त्या फोनवर तुमच्याकडे नाव असेल.

हा लेख इंग्लंडपुरता आहे. वेल्समध्ये पद्धत जवळपास तीच, फक्त कर वेगळा. स्कॉटलंडचा कायदाच निराळा आहे, त्यामुळे एडिनबरा-ग्लासगोकरांनी यावर विसंबू नये.

हा माणूस नेमकं करतो काय?

पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट घेताना वकील तीस वर्षांचा सर्च काढतो. सब-रजिस्ट्रार दस्ताची नोंद करतो, मालकीची हमी देत नाही. त्यामुळे मालकी कोणाची हे मागचे दस्त एकापुढे एक लावूनच ठरवावं लागतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये एचएम लँड रजिस्ट्रीत ज्याचं नाव तो मालक, आणि त्या नोंदीमागे सरकारची हमी असते. नोंदीतल्या चुकीमुळे नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. ७ पौंड भरून कोणीही कुठल्याही नोंदणीकृत घराचा उतारा ऑनलाइन काढू शकतो, अगदी शेजाऱ्याच्या घराचाही. या उताऱ्याचे तीन भाग असतात: मिळकत कोणती, मालक कोण, आणि तिच्यावर कर्ज किंवा बंधनं कोणती. लाल रेघेने हद्द दाखवणारा नकाशा वेगळा असतो, तो टायटल प्लॅन.

मालकीचा प्रश्न एका पानावर सुटत असेल तर मग वकिलाला काम काय उरतं? उताऱ्यात जे नाही ते शोधण्याचं. इथला जुना नियम असा की घरात काय खराब आहे हे विकणाऱ्याने आपणहून सांगायची फारशी जबाबदारी नाही. विचारलं तर मात्र खोटं सांगता येत नाही. त्यामुळे सगळा व्यवहार प्रश्नांवर चालतो. विकणारा ‘टीए६’ नावाचा लांबलचक फॉर्म भरून देतो: शेजाऱ्यांशी वाद आहेत का, कुंपण कोणाचं, घरात काय काय बदल केले, जॅपनीज नॉटवीड नावाचं तण आहे का. पडदे, कुकर, बागेतली शेड यातलं काय ठेवणार आणि काय नेणार याचा ‘टीए१०’ वेगळा. त्यावरून तुमचा सॉलिसिटर पुढचे प्रश्न काढतो आणि समोरच्या सॉलिसिटरला पाठवतो. यांना एन्क्वायरी म्हणतात, आणि ‘आमचं अजून का होत नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा याच पत्रव्यवहारात अडकलेलं असतं.

दुसरं काम सर्चचं. कौन्सिलकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, लोकल सर्च येतो: परवानग्या, समोरचा रस्ता कौन्सिलच्या ताब्यात आहे की खाजगी, घर संवर्धन क्षेत्रात येतं का. पाणी आणि ड्रेनेजचा वेगळा, पुराचा आणि दूषित जमिनीचा वेगळा, जुन्या कोळसा पट्ट्यात घर असेल तर खाणींचा आणखी वेगळा. काही ठिकाणी चर्चच्या दुरुस्तीचाही बघतात. हे ऐकून हसू येतं, पण वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो या गावी शेतजमिनीच्या मालकांना तिथल्या मध्ययुगीन चर्चच्या दुरुस्तीचं जवळपास लाख पौंडांचं बिल आलं, आणि २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) ते त्यांच्यावर कायम केलं. २०१३ नंतर नियम सैल झाले. आता थोड्या पौंडांच्या विम्यावर हे निभावतं.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही, कारण आपल्याकडचा वकील निदान गावातला तरी असतो. इथला सॉलिसिटर तुमचं घर कधीच बघत नाही. तो लीड्समध्ये बसून स्लाउचं घर विकत घेऊन देतो. घराला मागे एक खोली वाढवली आहे, माळ्यावर बेडरूम केली आहे, दोन घरांच्या मधून सामायिक बोळ जातो, यातलं काही त्याला दिसत नाही. त्याला फक्त कागद दिसतो. घर तुम्हाला दिसतं, कागद कळत नाही. ही दोन अर्धी जोडायचं काम तुमचं आहे, आणि सॉलिसिटरबरोबर काम करणं म्हणजे मुख्यतः एवढंच.

ते कसं करायचं? टायटल प्लॅन हातात आला की तो छापून घ्या आणि घरी पुन्हा एकदा जाऊन या. एजंटने दाखवलेली पार्किंगची जागा लाल रेघेच्या आत आहे का? बागेचा मागचा पट्टा? गॅरेज दुसऱ्या ओळीत असेल तर त्याचा वेगळा उतारा आहे का? ही रेघ ढोबळ असते, फुटाफुटाचा हिशोब तिच्यावरून होत नाही, पण अख्खी पार्किंगची जागा बाहेर पडत असेल तर ते दिसतंच. मग सॉलिसिटरला साध्या भाषेत लिहा: मागे काचेचं छप्पर असलेली वाढीव खोली आहे, वर माळ्यात झोपायची खोली आहे, स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढलेली दिसते, बॉयलर नवा आहे. यातल्या एकेका ओळीवर त्याला एकेक कागद मागता येतो: प्लॅनिंगची परवानगी, बिल्डिंग रेग्युलेशनचा दाखला, बॉयलरचं सर्टिफिकेट. वाढीव खोलीखालून सार्वजनिक ड्रेनेजची लाइन जात असेल तर पाणी कंपनीची संमती. तुम्ही लिहिलंच नाहीत तर तो विचारेलच असं नाही.

लोकल सर्चचीही एक मर्यादा आहे. तो तुमच्या मिळकतीपुरता असतो. समोरच्या मोकळ्या मैदानावर सहा मजली इमारतीचा अर्ज पडला असेल तर नेहमीच्या सर्चमध्ये तो दिसणार नाही. कौन्सिलच्या वेबसाइटवर प्लॅनिंगचे अर्ज नकाशावर फुकट बघता येतात. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते तुमचं आहे.

परवानगीचा कागद सापडला नाही की विकणाऱ्याकडून ‘इन्डेम्निटी पॉलिसी’ देऊ केली जाते. म्हणजे पुढेमागे कौन्सिलने कारवाई केली तर होणाऱ्या नुकसानीचा विमा. त्याने भिंत सुरक्षित होत नाही, फक्त कायदेशीर खर्चाची सोय होते. त्यात एक गोम आहे. तुम्ही स्वतः कौन्सिलला फोन करून ‘या घराच्या वाढीव बांधकामाला परवानगी होती का हो?’ असं विचारलंत तर ती पॉलिसी मिळेनाशी होऊ शकते. उत्साहाने फोन फिरवण्याआधी सॉलिसिटरला विचारा. बांधकाम मजबूत आहे की नाही हे सर्व्हेयर सांगतो. सर्व्हेचा रिपोर्ट आला की तो सॉलिसिटरलाही पाठवा, कारण ‘कायदेशीर सल्लागाराने हे तपासावं’ असे मुद्दे त्यात असतात आणि ते आपोआप त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

निवडताना

हे काम दोन प्रकारची माणसं करतात: सॉलिसिटर, आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे मुख्यतः घरखरेदीच्याच कामाचा परवाना असलेला. पहिल्यांवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीचं नियंत्रण, म्हणजे एसआरए. दुसऱ्यांवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचं. साध्या खरेदीसाठी दोघंही चालतात. घटस्फोट, वारसा, ट्रस्ट असलं काही गुंतलेलं असेल तर सॉलिसिटरची फर्म बरी, कारण शेजारच्या टेबलावर त्या विषयाचा माणूस असतो. दोन्ही संस्थांच्या वेबसाइटवर नाव टाकून फर्म खरी आहे ना हे बघा. खोट्या फर्मच्या नावाने वेबसाइट काढून पैसे उकळल्याच्या तक्रारी एसआरए स्वतः प्रसिद्ध करत असते.

नंतर फोन करा. ईमेल नको, फोन. तो कोण उचलतो, यावरूनच बरंच कळतं. माझ्या मते विचारायचे खरे प्रश्न फी सोडून आहेत. माझी फाइल कोण बघणार, त्याचं नाव काय, आणि तो रजेवर गेला तर कोण? बऱ्याच मोठ्या ऑनलाइन फर्ममध्ये फाइल टप्प्याटप्प्याने हात बदलते आणि प्रत्येक वेळी तुम्ही पहिल्यापासून सांगता. त्याच्याशी थेट बोलता येईल का, की कॉल सेंटर? लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या हक्काचा, फ्लॅट घेत असाल तर असे किती करता? माझ्या बँकेच्या पॅनेलवर आहात का? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. मॉर्गेज देणाऱ्या बँकेची मान्य फर्मची यादी असते. तुमची फर्म तिच्यात नसेल तर बँकेसाठी वेगळा वकील नेमावा लागतो, खर्च तुमचा, उशीरही तुमचाच.

तुमचा सॉलिसिटर बहुतेक वेळा बँकेचाही सॉलिसिटर असतो, ही बाब इथे नव्याने आलेल्यांना माहीत नसते. एकाच फीत दोन मालक. त्यामुळे डिपॉझिटमधले (कर्ज सोडून तुम्ही स्वतः घालता त्या रकमेतले) काही पैसे उसने आहेत किंवा विकणाऱ्याने गुपचूप किंमत कमी केली आहे असं तुम्ही त्याला सांगितलंत तर त्याला ते बँकेला कळवावं लागतं. कळवायला तुम्ही नाही म्हणालात तर त्याला काम सोडावं लागतं. ‘आपलाच वकील आहे, आपल्यातच ठेवेल’ हा आपला हिशोब इथे चालत नाही.

आता फी. २०१८ च्या डिसेंबरपासून एसआरएच्या नियमाने फर्मला घरखरेदीचे दर वेबसाइटवर द्यावे लागतात. साध्या व्यवहाराची फी हजार ते दोन हजार पौंडांच्या आसपास येते, लंडनमध्ये जास्त. तुलना करताना पहिला आकडा बघू नका. स्वस्त कोटेशनमध्ये लीजहोल्डचे वेगळे, मॉर्गेजचे वेगळे, गिफ्ट डिपॉझिटचे वेगळे, लाइफटाइम आयएसएचे (पहिल्या घरासाठी सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) वेगळे, कराचा फॉर्म भरायचे वेगळे, आणि सगळ्यावर २० टक्के व्हॅट असं करत तो आकडा दुप्पट होतो. ‘माझा व्यवहार असा असा आहे, शेवटपर्यंतचा एकूण आकडा लेखी द्या’ असं म्हणा. व्यवहार मधेच फिसकटला तर किती द्यावे लागतील, हेही. तो फिसकटू शकतो, कारण एक्सचेंज, म्हणजे करार पक्का, होईपर्यंत दोन्हीपैकी कोणीही समोरच्याला काही न देता उठून जाऊ शकतं. तुमची ऑफर मान्य करून महिनाभराने जास्त पैसे देणाऱ्याला घर देणं इथे बेकायदा नाही.

ओळखीतून नाव घेणं उत्तम. मंडळाच्या गणपतीत दहा जणांना विचारा; फक्त ‘चांगला आहे का?’ असं विचारू नका, ‘तुझ्या ईमेलला उत्तर किती दिवसांनी यायचं?’ असं विचारा. मराठी किंवा हिंदी बोलणारा असावा का? आईवडिलांचे पैसे येणार असतील तर भारतातले कागद ओळखणारा असेल तर त्रास वाचतो. तेवढ्यासाठी कामात ढिला माणूस मात्र घेऊ नये.

पैसे भारतातून येणार असतील

मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे सॉलिसिटरला डिपॉझिटचा पैसा कुठून आला हे शोधावं लागतं. खात्यात पैसे आहेत एवढं पुरत नाही. ते तिथे कसे आले, ते हवं. पगारातून साठवले तर सहा महिन्यांची, कधी त्याहून जास्त स्टेटमेंटं. वडिलांनी दिले तर वडिलांचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, त्यांचं बँक स्टेटमेंट, आणि गिफ्ट लेटर: हे पैसे परत मागणार नाही आणि घरात माझा हक्क नाही, अशा अर्थाचं. एफडी मोडली तर तिचा कागद. गावची जमीन विकली तर खरेदीखत, आणि ते मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर. रोखीने आलेल्या रकमेपुढे काहीच चालत नाही.

आपले लोक इथे चिडतात. ‘माझ्या बापाने आयुष्यभर नोकरी केली, हा कोण विचारणारा?’ चिडून उपयोग नाही, तो प्रत्येकालाच विचारतो. ऑफर देण्याआधी ही फाइल तयार ठेवा. भारतातून पैसे पाठवायलाही वेळ आणि नियम आहेत: निवासी भारतीयाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि नातेवाइकाला भेट म्हणून पाठवताना १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घेतलेला आयकर, आधी कापला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, पण हातातली रक्कम तेवढी कमी पडते, आणि ऐन एक्सचेंजच्या आठवड्यात ते कळणं वाईट. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) आणत असाल तर पैसे बाहेर पाठवताना लागणाऱ्या आयकराच्या फॉर्मसाठी तिकडचा सीए आधीच कामाला लावा.

नावांचंही बघा. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, बँकेत फक्त आद्याक्षर, भारतातल्या खात्यावर माहेरचं आडनाव, असा मामला असेल तर विवाह नोंदणीचा दाखला पहिल्याच दिवशी देऊन टाका.

पुण्यातला फ्लॅट आणि इथला कर

हे सविस्तर सांगतो, कारण आपल्या मंडळींना सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच आहे.

इंग्लंडमध्ये स्टॅम्प ड्युटी लँड टॅक्स टप्प्याने लागतो. एप्रिल २०२५ पासून पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, त्यापुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, आणि त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाखांपर्यंत माफ आणि ३ ते ५ लाखांमधल्या भागावर ५ टक्के. घर ५ लाखांवरचं असेल तर ही सवलत अजिबात नाही.

‘पहिलं घर’ म्हणजे जगातलं पहिलं. इंग्लंडमधलं नव्हे. कोथरूडमध्ये तुमच्या नावावर फ्लॅट असेल, कधीकाळी होता आणि विकला असेल, किंवा आजोबांच्या घरात वारसाने वाटा आला असेल, तरी तुम्ही पहिले खरेदीदार नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघांनीही या कसोटीवर उतरावं लागतं. लाइफटाइम आयएसएचा बोनस घर घेण्यासाठी वापरायलाही ‘जगातलं पहिलं घर’ हीच अट आहे.

त्याहून मोठा फटका पुढे आहे. खरेदीच्या दिवशी तुमच्याकडे जगात कुठेही ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं दुसरं घर असेल तर सगळ्या किमतीवर ५ टक्के जादा कर लागतो. ४०,००० पौंड म्हणजे साधारण ४५ ते ५० लाख रुपये. आजकाल पुण्यातला टू बीएचके तेवढ्यात येत नाही, म्हणजे जवळपास प्रत्येक फ्लॅट या जाळ्यात. शिवाय पती-पत्नी एकत्र राहत असतील तर दोघांना एक धरतात: फ्लॅट बायकोच्या नावावर आणि इथलं घर फक्त नवऱ्याच्या नावावर घेतलं तरी सुटका नाही.

४ लाख पौंडांच्या घराचं गणित करू. खरोखर पहिलं घर असेल तर कर ५,००० पौंड. पुण्यातला फ्लॅट पूर्वी होता, आता विकला, आज जगात दुसरं काही नाही, तर १०,०००. तो फ्लॅट आजही नावावर आहे, तर ३०,०००. खरेदीआधीच्या वर्षात ब्रिटनमध्ये १८३ दिवस राहणं झालं नसेल तर परदेशी रहिवाशाचे आणखी २ टक्के, म्हणजे ८,००० वर. ते पुढे अट पूर्ण झाल्यावर परत मागता येतात, पण त्या दिवशी भरावे लागतात.

सॉलिसिटर तुम्हाला एका फॉर्मवर विचारतो: ‘तुमची दुसरी कुठली मिळकत आहे का?’ बरेच जण इंग्लंड मनात धरून ‘नाही’ लिहितात. सही तुमची असते, आणि चुकीच्या विवरणाचा दंड आणि व्याज तुमच्याकडून वसूल होतं. सॉलिसिटर बहुधा खोलात जात नाही. अनेक फर्म आपल्या पत्रातच लिहितात की आम्ही करसल्ला देत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर सांगा की भारतात अमुक मिळकत आहे, आणि विचारा की याचा विचार तुम्ही कराल की वेगळा कर सल्लागार हवा.

आपल्याकडच्या कागदांत करड्या जागा भरपूर असतात. बाबांनी फ्लॅट स्वतःच्या पैशाने घेतला आणि करारात मुलाचं ‘नुसतं नाव लावलं’. सोसायटीत मुलगा फक्त नॉमिनी आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. गावच्या घरात पाच चुलत भावांचा अविभक्त वाटा आहे. वारसाने मिळालेला अर्धा किंवा त्याहून कमी वाटा असेल तर जादा ५ टक्क्यांसाठी तो पहिली तीन वर्षं धरत नाहीत. प्रत्येक बाबतीत उत्तर वेगळं निघू शकतं, आणि पंचवीस हजार पौंडांच्या प्रश्नावर काहीशे पौंड सल्ल्यावर खर्च करायला हरकत नसावी.

फ्लॅट असेल तर

इंग्लंडमधला फ्लॅट बहुतेक वेळा लीजहोल्ड असतो. सोसायटी नाही, कन्व्हेयन्स डीड नाही, एजीएममध्ये चेअरमनला धारेवर धरणं नाही. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची. तुम्ही ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांचा हक्क विकत घेता, आणि मेंटेनन्स तो ठरवतो. किती वर्षं उरली आहेत हे पहिल्या दिवशी विचारा. ८० च्या खाली गेलेला लीज वाढवणं महाग पडतं आणि बँकाही नाक मुरडतात. हा कायदा २०२४ च्या सुधारणांनी बदलायला घेतला आहे, पण त्यातलं सगळं एकदम अमलात आलेलं नाही. ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं, किती आणि कसा वाढतो? ३० जून २०२२ पासूनच्या नव्या लीजवर तो जवळजवळ नाहीसाच झाला, जुन्यांवर मात्र चालू आहे. काही लीजमध्ये तो दर दहा वर्षांनी दुप्पट होतो, असा फ्लॅट पुढे विकताना घाम फुटतो.

२०१७ च्या लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर उंच इमारतींच्या बाह्य आवरणाचा प्रश्न उभा राहिला आणि २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट आला. ११ मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर काही फर्म काम घेतच नाहीत. हे निवडतानाच विचारा, मधेच कळलं तर दीड महिना वाया.

सॉलिसिटर मॅनेजमेंट कंपनीकडून एक माहितीसंच मागवतो. त्यातले तीन वर्षांचे हिशोब आणि येऊ घातलेल्या मोठ्या कामांच्या नोटिसा स्वतः वाचा. छप्पर बदलायचं बिल येणार असेल तर ते कोण भरणार हे आत्ताच ठरवता येतं.

रोजचं काम आणि शेवटचे दिवस

ऑफरपासून किल्लीपर्यंत तीन-चार महिने धरा. साखळीत मागेपुढे घरं असतील, म्हणजे विकणाराही दुसरं घर घेत असेल, तर जास्त. त्यात तुमच्या हातात एवढंच असतं की तुमच्याकडून उशीर होऊ नये. आलेला फॉर्म त्याच दिवशी भरून पाठवा. प्रश्न सुटे सुटे न पाठवता आठवड्याला एक ईमेल करा, क्रमांक घालून. रोज फोन करणाऱ्याची फाइल पुढे सरकत नाही, पण तीन आठवडे गप्प बसणाऱ्याची नक्की मागे पडते. ‘सध्या कुठला कागद कोणाकडून यायचा आहे?’ हा प्रश्न ‘कुठवर आलं?’ यापेक्षा कितीतरी चांगला, कारण त्याला उत्तर द्यावंच लागतं. मग तेच एजंटला सांगा, तो विकणाऱ्याच्या मागे लागेल.

एक्सचेंजच्या आधी सॉलिसिटरकडून ‘रिपोर्ट ऑन टायटल’, म्हणजे तपासलेल्या कागदांचा अहवाल, येतो. तो वाचायचाच. त्यात बंधनं असतात: इथे धंदा करता येणार नाही, व्हॅन उभी करता येणार नाही, कुंपण बदलायला परवानगी लागेल. घरून शिकवणी घ्यायचा किंवा डब्यांचा व्यवसाय करायचा विचार असेल तर हीच वेळ विचारायची. दोघांच्या नावावर घर घेताना मालकी कशी हवी हेही इथे ठरतं: एक गेला की दुसऱ्याला सगळं आपोआप, की ज्याचा त्याचा ठरलेला वाटा. एकाच्या आईवडिलांनी मोठी रक्कम घातली असेल तर हा विषय संकोच न करता काढा.

आपल्याकडे असतो तसा रजिस्ट्रार ऑफिसात अंगठा-फोटोचा दिवस इथे येत नाही. सह्या घरीच होतात. ट्रान्सफर आणि मॉर्गेजच्या दस्तावर साक्षीदार लागतो, तो घरचा नको, शेजारी चालतो. मग एके दुपारी दोन सॉलिसिटर फोनवर बोलतात आणि करार पक्का होतो. हेच एक्सचेंज. साधारण १० टक्के रक्कम तेव्हा अडकते. कमी ठेवायची असेल तर आधी बोलणी करावी लागतात. यानंतर मागे फिरलात तर ती जाते. नेहमीच्या करारात त्या क्षणापासून घराची जोखीमही तुमची, म्हणून घराचा विमा कम्प्लीशनपासून (पूर्ण पैसे देऊन किल्ली मिळते तो दिवस) नव्हे, एक्सचेंजपासून सुरू करा. कम्प्लीशनचा दिवस शक्यतो शुक्रवार ठेवू नका. सगळे शुक्रवारच धरतात, आणि पैसे अडकले तर सामानाच्या ट्रकसकट सोमवारपर्यंत थांबावं लागतं.

पैसे पाठवण्याच्या सुमारास एक ईमेल येऊ शकतो: आमच्या बँकेचा खातेक्रमांक बदलला आहे, कृपया या नव्या खात्यात पाठवा. पत्ता, लोगो, फाइल नंबर, सगळं बरोबर. तो सॉलिसिटरचा नसतो. मधेच कोणीतरी ईमेल वाचत बसलेलं असतं. खातेक्रमांक पहिल्या भेटीत किंवा पत्राने घ्या, पाठवण्याआधी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून एकेक आकडा पडताळा, आणि आधी थोडी रक्कम पाठवून पोचली का ते विचारा.

काम वाईट झालं तर आधी फर्मकडेच लेखी तक्रार करायची. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बड्समन आहे, आणि त्याला फी लागत नाही. फर्मने शेवटचं उत्तर दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत तिथे जावं लागतं.

किल्ली मिळाल्यावर सॉलिसिटरची दोन कामं उरतात: १४ दिवसांत कराचं विवरण आणि पैसे भरणं, आणि लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव लावणं. दुसऱ्याला कित्येक महिने लागू शकतात आणि तोवर फाइल विसरली जाते. कॅलेंडरवर आठवण लावून ठेवा. नवा उतारा आला की नावाचं स्पेलिंग, दोघांची नावं, मालकीचा प्रकार आणि पत्रव्यवहाराचा पत्ता बघा. पुढे घर भाड्याने देऊन भारतात परतलात तर तो पत्ता बदलायला विसरू नका, कारण रजिस्ट्रीची नोटीस त्याच पत्त्यावर जाते. लँड रजिस्ट्रीची ‘प्रॉपर्टी अलर्ट’ नावाची मोफत सेवाही आहे. तिच्यात नाव नोंदवलं की तुमच्या उताऱ्यावर कोणी काही अर्ज केला तर ईमेल येतो, आणि अशी दहा घरं त्यात घालता येतात. इथल्या घराबरोबर शेजारच्या गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या काकूंचंही त्यात घालून टाका, त्यासाठी मालक असावं लागत नाही.